टाकीसाठी मी गुळाची बाटली निवडली

आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात काचेची एक टाकी होती. तिच्यात पाणवनस्पती आणि सात लहान मासे. मी दुसऱ्या वर्षाला असताना मॅडमनी ती माझ्या ताब्यात दिली. पानं पिवळी पडत चालली होती. मॅडम म्हणाल्या, "झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. कोणतं उपकरण घ्यायचं ते तू ठरव, कारणं लिहून आण. महिनाभर टाकी नीट राहिली तर हाच तुझा प्रकल्प. नाहीतर टाकी स्टोअरमध्ये जाईल."

मला तो प्रकल्प हवा होता. आमच्या घरातून माझ्याआधी कुणीच कॉलेजात गेलं नव्हतं. मी नेमकं काय शिकते हे आईला मला कधी धड सांगता आलं नाही. टाकी निदान दाखवता आली असती.

शहरात सात रस्ता चौकाजवळ माशांच्या टाक्यांचं एक दुकान होतं, तिथं मी चौकशीला गेले. दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड, डिफ्यूझर. टाकी किती लिटरची?"

मला माहीत नव्हतं. मी हाताने लांबी दाखवली.

"हात काय दाखवतेस? कुठली तू?"

"मोहोळकडची."

तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तिकडं मासे टाकीत नसतात, कालवणात असतात." दोघं हसले. मी मान खाली घालून उभी राहिले आणि तशीच बाहेर पडले.

वसतिगृहावर येऊन मी ते सगळे शब्द मोबाइलवर शोधले. फार अवघड नव्हतं. सिलिंडरमधला गॅस जोरात असतो, रेग्युलेटर तो जोर कमी करतो. सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारी झडप, वीज आली की उघडते, गेली की मिटते. डिफ्यूझरमुळे गॅसचे बारीक बुडबुडे होतात. आमच्या टाकीला तोच संच योग्य होता, आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तो घ्यायचा तर पुन्हा त्या दुकानात जावं लागणार होतं.

म्हणून मी दुसरा मार्ग निवडला. बाटलीत गुळाचं पाणी, त्यात बेकरीतलं यीस्ट, टोपणाला भोक पाडून सलाइनची नळी, आणि नळीचं टोक टाकीत. यीस्ट गूळ खातं आणि गॅस सोडतं. मॅडमना मी कारणं लिहून दिली. गूळ कुठंही मिळतो, बिघडलं तर आपलं आपण दुरुस्त करता येतं, आणि विजेवर अवलंबून नाही. तिसऱ्या कारणाखाली मॅडमनी रेघ मारली आणि "छान" म्हणाल्या. दुकानाबद्दल मी काहीच लिहिलं नाही.

अडचण आली ती विभागाच्या शिपाईमामांची. मामांना ती टाकी पहिल्यापासून खुपत होती. "हितं मान्सांना चार दिवसांनी पानी, अन् ही झाडांना सोडा पाजतीया," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शिवाय विभागाला कुलूप लावताना ते मेन स्विच बंद करायचे. कधीकाळी प्रयोगशाळेत वायर जळली होती आणि बोलणी मामांना खावी लागली होती. तेव्हापासून खाली जाण्याआधी त्यांचा हात मेनवर जायचाच. मेन बंद म्हणजे टाकीचा दिवा बंद आणि हवेचा पंपही बंद. अंधारात झाडं गॅस घेत नाहीत, उलट पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यामुळे गॅस साठून मासे गुदमरू नयेत म्हणून मी रोज संध्याकाळी नळी टाकीतून काढून बाहेर सोडायचे.

मग खोलीभर वास सुटायचा. गूळ आंबल्याचा वास कसला असतो ते आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. एका सकाळी मामा वर्गासमोरच ओरडले, "ए भट्टीवाली! तुजी हातभट्टी उचल हितनं. उद्या कुनी इचारलं तर मी काय सांगू, कालेजात दारू गाळतेत म्हनून?" सगळा वर्ग हसला. पुढचे काही दिवस मुलं मला त्याच नावाने हाक मारत होती.

मी उलटून बोलले नाही. मला तसं बोलता येत नाही. पण मनातून मामांचा इतका राग आला की त्यांच्याशी बोलणंच सोडलं. समोरून आले तर मी भिंतीकडे बघायचे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मला गावी जायचं होतं, आणि मॅडम सोमवारी सकाळी टाकी बघणार होत्या. तोवर पानं हिरवी झाली होती. दीड दिवस गॅस बंद ठेवायचं माझ्या जिवावर आलं, आणि वासाचं पुन्हा ऐकून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी नळी पाण्यातच ठेवली, दिवा आणि पंप चालू ठेवले आणि मेन स्विचवर चिठ्ठी चिकटवली की मेन बंद करू नये.

चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली. मामांना इंग्रजी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. टपालावरचे पत्ते ते क्लार्ककडून वाचून घ्यायचे, हे मी अनेकदा पाहिलं होतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की कॉलेजात असंच लिहितात. ते खरं नव्हतं. ती मोठी इंग्रजी अक्षरं बघून मामांनी अडखळावं, असं मला वाटत होतं.

सोमवारी सातही मासे पोट वर करून तरंगत होते.

मॅडम मामांवर भडकल्या. "मेन कुणी बंद केलं?"

"मीच. रोजच करतोय की."

"समोर एवढी चिठ्ठी लावलीय! दिसत नाही तुम्हाला? लेखी उत्तर द्यावं लागेल."

मामांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग आम्हा मुलांकडे. "वाचता येत न्हाय" एवढंच म्हणायचं होतं त्यांना, पण ते म्हणाले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले. दुकानात मीही अशीच उभी होते.

मी पुढे झाले. "मॅडम, चूक माझी आहे. गुळाची बाटली बंद करता येत नाही. सिलिंडरवर विजेची झडप असती तर मेन बंद होताच गॅसही थांबला असता. मला हे आधीपासून माहीत होतं. आणि चिठ्ठीचंही मी मामांना सांगितलं नव्हतं."

मामांच्या लेखी उत्तराचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही. मला म्हणाल्या, "टाकी रिकामी कर. प्रकल्पाला दुसरा विषय बघ."

टाकी मामांनी आणि मीच उचलली. मामा सारखे खेकसत होते, "नीट धर, खालनं धर." स्टोअरमध्ये टाकी ठेवल्यावर त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली.

"काय लिवलंयस ह्यात?"

"मेन बंद करू नका."

"येवढंच?"

"एवढंच."

"मग तोंडानं सांगाया काय झालं हुतं?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही मला भट्टीवाली म्हणालात म्हणून."

मामांनी चिठ्ठी चुरगळून फेकली. "राग माज्यावर हुता, तर मला चार शिव्या घालायच्या हुत्या की. मासं कशाला मारलंस?"

आणि मी अजून आत असतानाच त्यांनी स्टोअरचा दिवा बंद केला.