शेंगापोळीच्या नात्यातली माणसं

आमच्या विहीणबाईंनी आजवर एकाही माणसाचं नाव लक्षात ठेवलेलं नाही, आणि एकाही माणसाला त्या विसरलेल्या नाहीत. माणूस त्यांच्या ध्यानात राहतो तो खाण्यावरून. जतजवळच्या त्यांच्या वस्तीवर कुणीही आलं, की आधी पाण्याचा तांब्या आणि मागोमाग शेंगापोळी येते. भाजलेल्या शेंगांचं कूट आणि गूळ भरून कागदासारखी पातळ लाटलेली, तव्यावर खरपूस भाजलेली, पंधरा दिवस ठेवली तरी तशीच राहणारी पोळी. ती पाहुणा कशी खातो ते विहीणबाई पदर कमरेला खोचून निरखतात आणि तिथल्या तिथे त्याचं बारसं करतात. पोस्टमन त्यांच्या लेखी 'कडा टाकणारे', पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर 'उभ्यानं खाणारा', पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी 'दुधात बुडवणारी'. माझ्या मुलाला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या जावयाला, त्या अजून 'तूप मागणारे पावणे' म्हणतात. एकदा मी तिथे असताना व्याही मेंढरं घेऊन परतले आणि त्यांनी विचारलं, "कोण आलं हुतं गं?" "त्येच की, मधनं फोडून आधी सारण खाणारे." "आगं, पर बँकेतलं का सोसायटीतलं?" "त्ये काय मी इचारलं न्हाई." व्याहीही इतक्या वर्षांत असे मुरलेत, की क्षणभर डोळे मिटून म्हणाले, "हां, म्हंजी सोसायटीचं सेक्रेटरी."

माझं बारसं कसं झालं तेही सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर सून सांगेल आणि वर मीठमसाला लावेल. मी तेव्हा जेमतेम पन्नाशीची, म्हणजे अगदीच अजाण पोर. कराडजवळच्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात माझ्या चिरोट्यांचा मोठा डंका होता. निदान मी तरी तो रोज वाजवत होते. मुलगी पाहायला जतला जायचं ठरलं, तेव्हा मी मुलाच्या शर्टाला इस्त्री करायची विसरले, पण चिरोट्यांचा डबा अख्खा प्रवासभर तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून बसले. आमच्याकडे दारातून पाट वाहतो, त्यांच्याकडे टँकर येतो. तेव्हा सुटे पदर असलेला चिरोटा म्हणजे काय चीज आहे ते त्या मुलखाला एकदा कळू दे, अशी माझी उदात्त भावना. विहीणबाईंनी डबा उघडला, एक चिरोटा कपाळाला लावला, "देवापुढं ठिवते," म्हणाल्या आणि डबा आत गेला. मी वाट पाहत राहिले. देवाने काय अभिप्राय दिला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग पानं मांडली. तिकडे घरोघर मराठीत कानडी मिसळलेली असते, हे मला कुठलं ठाऊक? मी पहिली पोळी संपवत आणली, तशा विहीणबाई परात घेऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "साका?" मला वाटलं, ही बाई पोळीवर साखर पेरू का विचारतेय. गोडावर गोड! मी सुसंस्कृत हसले आणि म्हणाले, "नाही, नाही!" ताटात पोळी पडली. ती कशीबशी संपवली, तर पुन्हा "साका?" मी जरा ठासून म्हणाले, "नाही हो, मुळीच नाही." पुन्हा पोळी. मी पाण्याचे घोट घेत, नथ सावरत, घरंदाजपणे खात राहिले. शेवटी मी दोन्ही हात जोडून "अहो, खरंच नाही!" असं काकुळतीने म्हटलं, तेव्हा विहीणबाईंचा चेहराच उतरला. इतक्या उपाशी घरात लेक द्यावी की नाही, अशा नजरेने त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. तेवढ्यात दाराआडून नवऱ्या मुलीचा आवाज आला, "साका म्हणजे पुरे का! व्हय म्हणा, व्हय!" मी "व्हय" म्हणाले आणि त्याच क्षणी ती मुलगी पसंत केली. मुलाने पाहिली की नाही, मला आठवत नाही. तेव्हापासून जतमध्ये माझं नाव 'न्हाई न्हाई म्हणत खाणाऱ्या'.

विहीणबाईंच्या पोळीचं कौतुक करायची सोय नाही. कुणी "छान झालीय" म्हटलं की त्या उखडतात, "छान म्हनायला ही पोळी हाय का साडी?" त्यांना फक्त 'आणखी एक' एवढाच अभिप्राय कळतो. आणि पोळी सगळ्यांना एकसारखी मिळते असंही नाही. दात नसलेल्यांची तव्यावरून लवकर उतरते, गडीमाणसांची चांगली कडकडीत होते, साताऱ्याकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरची जरा मोठीच असते, कारण संक्रांतीला आमचं गाठोडं तोच आणतो. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं ते गाठोडं. गाडी सुटली की विहीणबाईंचा फोन येतो, "पोळ्या निगाल्या बगा." जणू पोळ्याच तिकीट काढून खिडकीशी बसल्यात. अशी गाठोडी कुठे कुठे जातात याची मोजदाद नाही. एका साली बाळंतपणात मदत केलेली नर्स कोयनानगरला बदलून गेली, तिला जातात. ज्याने एकदा पंक्चर काढून दिलं, त्यालाही जातात. भावकीत ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, त्याला तर सर्वांत आधी जातात. "भांडान बांधाचं हाय," त्या म्हणतात, "प्वाटाचं न्हाई."

आणि या सगळ्या कारभारात दुसऱ्या बाईला शिरकाव नाही. लेक असो, सून असो, त्यांच्या कणकेला परकं बोट लागलेलं चालत नाही. मी एकदा उत्साहाने लाटणं उचललं, तर त्यांनी ते माझ्या हातून अलगद काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझ्यापुढे चहा ठेवला.

गेल्या साली संक्रांत तोंडावर आलेली आणि विहीणबाई अंगणात घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर बसलं. मी फोन केला तो हाताची चौकशी करायला. "हाताचं ऱ्हाऊ द्या वो," त्या ओरडल्याच. "पोळ्या न्हाई गेल्या तर लोकास्नी काय वाटंल? म्हातारी गेली म्हनतील. मला काय कुनाचं नाव ठावं न्हाई, पत्ता न्हाई. पोळी जाती म्हनून मानसं हायती. एकदा खंड पडला की कुटं हुडकू मी त्येंना?" नेहमी खणखणीत वाजणारा तो आवाज शेवटच्या वाक्याला फाटला. मी म्हणाले, "मी येते लाटायला." पलीकडून हळूच, "या. पर चिरोटं आणू नगा."

मी गेले ती आमच्या घरच्या गुऱ्हाळाचा गूळ घेऊनच. विहीणबाई चुलीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत, डाव्या हातात उलथनं. "लाटणं ढकलू नगा! पोळी आपली आपण फिराया पायजे."

"फिरत नाही हो."

"तुमी तिला धरून ठिवलीया, ती बिचारी फिरंल कशी? माज्या लेकीला असंच धरून ठिवलं न्हवतं न्हवं?"

एवढं ऐकल्यावर कुणाची पोळी फुटणार नाही? माझी फुटली. गूळ तव्यावर सांडला, करपला, धूर झाला. पुढची फुटली. बाहेर मेंढरं शिंकायला लागली. व्याही दारात येऊन खोकत म्हणाले, "आज काय हाय? शेकोटी?" तीस-चाळीस वर्षं चिरोटे लाटलेली मी, पदराने डोळे पुसत होते आणि ते धुरामुळेच आहे असं सगळ्यांना सांगत होते. पण विहीणबाईंनी सोडलं नाही. कड कशी दाबायची, पीठ कुठे भुरभुरायचं, कधी मनगट सैल सोडायचं, सगळं डाव्या हातातलं उलथनं नाचवत शिकवलं. बऱ्या निघालेल्या पोळ्यांची गाठोडी बांधून गाड्यांवर गेली. जाडजूड, वाकड्या, पण गेली.

मग फोन यायला लागले. कोयनानगरच्या नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, यंदा पोळी जरा कडक वाटली?"

"व्हय बाई," विहीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "यंदा गूळच खराब लागला. कराडकडचा हाय."

मी तिथेच पिठाच्या हातांनी उभी. म्हटलं, "अहो, गूळ आमच्या घरचा!"

त्यांनी फोन पदरात दाबला. "मग काय तुमचं नाव सांगू? गुळाला काय लाज हाय?"

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. यंदा मी बोलावण्याची वाट न पाहता आधीच जाऊन बसले. विहीणबाईंनी हट्टाने लाटणं घेतलं. पोळी फिरली नाही. लाटणं एका अंगाला घसरलं, कडेने सारण बाहेर आलं. त्यांनी ती तव्यावर टाकलीच नाही. लाटणं माझ्याकडे सरकवलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या.

मी लाटायला लागले. वर्षभर घरी गुपचूप सराव केलेला. पोळी लाटण्याखाली आपली आपण गरागरा फिरली. कडेपर्यंत सारण, कुठे सुरकुती नाही. मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी नुसती मान हलवली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. 'ढकलू नगा' नाही, लेकीवरून टोमणा नाही. त्या स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी फुगतानाचा आवाज ऐकू येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

चौथी पोळी लाटताना मी कडेवर लाटणं चांगलं दाबलं. ती तव्यावर टाकताच गूळ चर्र करून पसरला, धूर निघाला.

"आवं! आवं, काय करताय ह्ये?" खुर्ची खरडत वळली. "कड मोडली की! एवढं शिकीवलं त्ये सगळं कृष्णंत बुडीवलं व्हय? सरका, दुसरी घ्या, कडंला पानी लावा. बोटानं दाबा. तसं न्हवं, असं!" आणि त्यांचा न वळणारा हात माझ्या हातावर येऊन बसला.

हल्ली संक्रांतीच्या गाठोड्यात कुणाला एखादी करपलेली, फुटकी पोळी लागली, तर राग मानू नये. ती मी फार मेहनतीने फोडलेली असते.