दोन हिसके

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्या तिला घडीबाई म्हणत. चादर तिच्या हातात आली की चारही कोपरे आपणहून एकमेकांना भेटत. बोलता बोलता हातातल्या बसच्या तिकिटाचीही तिनं बारीक घडी घातलेली असे. घड्या घालणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरून उभी असे तिची थोरली नणंद. घडीबाईचा नवरा गेला तेव्हा या नणंदेनंच तिला हाताला धरून इथं कामाला आणलं होतं. दोघी राहतही एकत्रच. घडीबाईच्या मुलांचं ऐकून सगळा कारखाना नणंदेला आत्या म्हणू लागला होता.

आत्याचे डोळे अलीकडे अधू झाले होते. माणसं दिसत, दारं-भिंती दिसत, पण चादरीवरचा फिकट डाग काही केल्या दिसत नसे. डाग तपासणं हे तर घडीवालीचं निम्मं काम. तेव्हा घडीबाईनं एक युक्ती काढली. दोघींनी चादर ताणून धरली आणि डाग दिसला, की ती आपल्या टोकाला हलकेच दोन हिसके देई. आत्या निमूट चादर पुन्हा धुवायच्या टोपलीत टाकी. पुढे पुढे आत्यासमोर जी कुणी उभी राही, तीही हिसके देऊ लागली. कुणी कुणाला शिकवलं नाही, आणि त्याबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

नवीन वर्ष लागलं आणि साहेबांनी एक प्रशिक्षक बाई बोलावल्या. यंदा सगळ्यांनी मिळून अधिक चांगलं काम कसं करायचं, ते त्या शिकवणार होत्या. खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. साहेब मागे चहाचा कप घेऊन बसले.

"वर्षभर एकमेकींच्या उरावर उभ्या असतो, आता ओळख करून देणार म्हणे!" इस्त्रीवाली पुटपुटली.

"गप गं, बिस्किटं आहेत."

प्रशिक्षक बाईंनी लोकरीचा गुंडा फेकला. ज्या बाईकडे तो जाईल तिनं आपण एकमेकींना कशी मदत करतो ते सांगायचं. गुंडा फिरला, पण तोंड कुणी उघडेना. एक नुसतीच हसली, एकीनं "करतो की" म्हणून तो पुढे ढकलला.

"तुमच्यात सहकार्य जरा कमी दिसतंय," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

घडीबाईला ते झोंबलं. आपल्या बायकांना कुणी नावं ठेवावीत, आणि तीही साहेबांदेखत?

"कमी? अहो बाई, आमचं सगळं न बोलता चालतं!" असं म्हणत ती उठली. टेबलावरचं कापड ओढून तिनं एक टोक शेजारणीच्या हातात दिलं आणि दोन हिसके देऊन दाखवले. आत्याला डाग दिसत नाही आणि तरीही आजवर तिच्या हातची एक चादर परत आलेली नाही, हे तिनं मान ताठ करून सांगितलं. सांगताना आत्याकडे मात्र पाहिलं नाही.

"वा! हीच खरी टीम!" प्रशिक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही कप सावरत वाजवल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे यांना डाग दिसतच नाहीत?"

"तसं नाही हो साहेब, थोडं थोडं..."

"नाही दिसत," आत्याच म्हणाली. गुंडा तिच्या मांडीवर होता आणि ती सुटलेली लोकर गुंडाळत होती.

तो आठवडा संपायच्या आत आत्याला घरी बसवलं. घडीबाई साहेबांच्या खोलीत जाऊन रडली, भांडली.

"एक तरी डाग राहिला का, साहेब?"

"राहिला असता तर? इस्पितळाचं काम आहे, बाई. तुम्हीच सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही अंधारातच होतो."

घरी ती आत्याच्या पायाशी बसली. "वन्सं, मी चांगलंच सांगत होते हो."

"चांगलंच सांगितलंस. टाळ्या पडल्या की."

"मला काय ठाऊक ते असं करतील!"

"मला ठाऊक होतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." एवढं बोलून आत्यानं तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हापासून घडीबाई कामावरून यायच्या आत घरातल्या चादरींच्या घड्या झालेल्या असतात. आत्या एक टोक हनुवटीखाली दाबून एकटीच घालते. घड्या वाकड्यातिकड्या होतात, पण दुसरं टोक धरायला ती कुणाला बोलवत नाही.

कारखान्यात भिंतीवर आता रंगीत चित्र लागलंय. चार हात, मध्ये पांढरी चादर, वर मोठ्या अक्षरांत 'आमची एकजूट'. प्रशिक्षक बाईंनी खास करवून घेतलंय म्हणे. त्याच्याखाली घडीबाईसमोर एक नवी मुलगी उभी असते. परवा चादर ताणली, कडेला पिवळट डाग दिसला, आणि घडीबाईच्या हातांनी सवयीनं दोन हिसके दिले.

मुलगी दचकली. मग जरा रागावूनच म्हणाली, "ओढताय कशाला? दिसतंय मला."