चुन्यातून उमटलेले हात

ती भिंत आजही डोळ्यांसमोर येते. पोलिसाच्या नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण घाबरलो तो एका भिंतीला. आता निवृत्त झाल्यावर कबूल करायला काय हरकत?

काष्टीच्या पुढे, भीमेकाठची वस्ती. वादळ आणि पूर एकापाठोपाठ येऊन आठवडा झाला होता. सकाळीच ठाणे अंमलदाराने फोनवर आलेली खबर स्टेशन डायरीत नोंदवून माझ्यासमोर ठेवली. वस्तीवरचा एक म्हातारा सांगत होता, "पडक्या घरात भिंतीवर रगताचं हात हायेत. चुना दिला तरी पुन्ना वर येत्यात. घरची बाई चार दिस झालं दिसंना."

मी, हवालदार आणि एक महिला शिपाई असे निघालो. घराचे पत्रे गेलेले, मागची भिंत बसलेली. आत नुसता चिखलाचा वास. पुढच्या भिंतीला मात्र त्याच दिवशी चुना दिलेला, अजून ओला. पडक्या घराला चुना कोण देतं? आणि त्या चुन्यातून, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, एका ओळीत पाच तांबडे पंजे वर येत होते. बाईचे, लहानसर. आमच्या देखत ते गडद होत गेले. हवालदार देवाचं नाव पुटपुटायला लागला. मीही दोन पावलं मागे सरलो.

घरमालक सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तो शेजारीच सापडला, हात चुन्याने फुटलेले. ठाण्यात आणून समोर बसवला.

"बायको कुठाय?"

"गेली."

"कुठे गेली?"

तो फुटलेले हात चोळत राहिला.

"भिंतीला चुना कशाला दिला?"

"तीन डाव दिला साहेब. झाकतच न्हाई."

एवढं बोलून तो गप्प झाला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. बाई कुठे पुरली असेल, याचाच विचार मी करत होतो.

तेवढ्यात महिला शिपाई आत आली. तिने तो रंग नखाने खरवडून कागदात आणला होता. "साहेब, रक्त न्हाई, हळद हाय ही. हळदीवर चुना पडला की लाल व्हनारच. कुंकू असंच तर करत्यात." मला माझाच राग आला. माझ्या आईने उभा जन्म घरी कुंकू केलं, आणि मला हे सुचू नये.

हळद म्हणताच तो माणूस रडायला लागला. बायको रुसून दोन तासांवरच्या नागापूरला भावाकडे गेली होती, हे त्याने आता सांगितलं. भावाला फोन लावला. दुपारी ती ठाण्याच्या पायऱ्या चढली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ती म्हणाली, "आमच्यात नदी घरात आली की ती पाहुनी. पानी उतरलं की जिथवर आल्तं तिथं हळदीचं हात लावायचं. ह्ये त्येच पुसाया निगालं. मी न्हाई म्हनले, तर वरडलं माज्यावर."

नवरा खाली मान घालून म्हणाला, "घराच्या विम्यात वादळ हाय, पूर न्हाई. इकताना समदं बसतंय म्हनले हुते. उद्या विम्याचा मानूस बघाया येनार, म्हनून पानी आल्तं हेच मिटवीत हुतो."

मी बाईला विचारलं, "पत्रे कशाने गेले?"

"वाऱ्यानं, सांजच्याला. पानी पहाटं आलं. भिंत पान्यानं गेली."

म्हणजे वादळाने नुकसान झालं हे पत्र्यांपुरतं खरं होतं. भिंतीसाठी खोटं बोलायला जाऊन हा बाबा पत्र्यांचं खरंही घालवणार होता.

खून झाला नव्हता, विम्याचा दावाही अजून लेखी गेला नव्हता, त्यामुळे गुन्हा नव्हता. पण खबरीवर गेलो होतो, पंचनामा करणं भाग होतं. वस्तीवर परत जाऊन पंचांसमोर लिहायला बसलो तसे त्याने माझे पाय धरले. "साहेब, तेवढं हात नका लिवू." मी लिहिले. पाच पंजे, हळदीचे, एका रेषेत, जमिनीपासूनची उंची. बाईचा जबाबही शब्दाला शब्द घेतला: पत्रे सांजेला वाऱ्याने गेले, भिंत पहाटे पाण्याने.

गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो, ही माझी समजूत त्या दिवशी मोडली. रात्री घरी जाऊन कपाटातून माझ्या घराच्या विम्याचा कागद काढला आणि चष्मा लावून पहिल्यांदा वाचला. वादळ होतं, आग होती, चोरी होती. पूर नव्हता, आणि माझं घर ओढ्याला लागून.

पुढे एकदा त्या वस्तीवरून गेलो. ती भिंत तशीच उभी होती, पंजे वाळून पिवळट झालेले. तिच्याशेजारी कोरे पत्रे थप्पी लावून ठेवले होते. बाईने ओळखलं, पाणी दिलं.

"पत्र्याचं मिळालं साहेब, तुमी लिवलं म्हनून," ती म्हणाली. "भिंतीचं न्हाई मिळालं. आता पत्रं टाकायचं कशावर?"