रस्ता कोरडा होता

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे, असं तो चारचौघांत सांगतो. मी मान डोलावते. पण हे त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि मी ते इतकं नीट झाकून ठेवलंय, की मधूनमधून मलाच वाटतं, तसं काही घडलंच नव्हतं. घडलं होतं. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच जमेल कदाचित.

सुरुवात कुठून करू? गाडीपासून करते. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

मी वारणानगरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. राजारामपुरीतून रोज जाऊन येऊन. त्यासाठी आम्ही पुण्याच्या एका डॉक्टरांची जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. पहिली काही वर्षं ती झकास चालली. मग हळूहळू तिचा दम कमी व्हायला लागला. आधी एसी बंद करून यायला लागले. मग येताना डोळे रस्त्यावर कमी आणि चार्जच्या आकड्यावर जास्त. शेवटी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, बॅटरी म्हातारी झाली, नवीन घाला. नव्या बॅटरीची किंमत ऐकून आम्ही दोघं तसेच घरी परतलो. तेवढ्या पैशांत एखादी बरी जुनी पेट्रोल गाडी आली असती.

आणि तिथं संभाभावजी आले.

संभा हा प्रकाशचा — माझ्या नवऱ्याचा — धाकटा भाऊ. हातकणंगल्यात स्टेशनजवळ त्याचं पत्र्याचं शेड. आधी पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरायचा, मग स्कूटरच्या, रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला लागला, आणि त्या सुमाराला गाड्यांचे अख्खे बॅटरी-पॅक उघडायचा. माणूस बढाईखोर. हळू आवाजात बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं जेवायला आला की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं, आज संभा आलाय.

त्यानं जेवताना समजावलं. पॅकमध्ये शेकड्यानं सेल असतात, सगळे काही एकदम मरत नाहीत. थोडे मरतात, ते बाकीच्यांना खाली ओढतात. ते काढायचे, दुसऱ्या पॅकमधले तपासून घेतलेले घालायचे, सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. नव्यासारखं होणार नाही, पण आणखी काही वर्षं निघतील.

"वहिनी, पोत्यातलं चार बटाटं नासलं म्हणून आख्खं पोतं टाकता व्हय?"

गॅरंटी काय, असं मी विचारलं. तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी हाय की."

मला नवीन हवी होती. कंपनीचा शिक्का असलेली, वॉरंटीचा कागद असलेली. खरं सांगायचं तर — सांगायलाच बसलेय ना — माझा त्या पत्र्याच्या शेडमध्ये होणाऱ्या कामावर विश्वास नव्हता. पण नवीन घ्यायची म्हणजे घराचं रंगकाम, स्वयंपाकघराचं नवं फर्निचर, सगळं मागं पडणार होतं. ते मला नको होतं. म्हणून मी संभाची बॅटरी घेतली. आणि सांगितलं काय? "घरचं माणूस आहे, आपण नाही तर कोण काम देणार?" प्रकाशचा चेहरा असा फुलला! भावासाठी मी एवढं केलं म्हणून त्यानं दोनतीन ठिकाणी माझं कौतुक केलं. ते कौतुक मी घेतलं. गोड लागलं.

काम चांगलं झालं होतं. हे नीट ऐका, कारण पुढं सगळं यावरच आहे. काम उत्तम झालं होतं. एसी लावून वारणानगरला जाऊन यायचे, तरी चार्ज उरायचा. मीच कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटले. आमच्याच विभागातले माने सर, त्यांच्याकडं तसलीच गाडी. त्यांनीही पॅक संभाकडं द्यायचं ठरवलं.

एकच गोष्ट राहिली होती. पॅकच्या झाकणाला भोवतीनं एक रबरी सील असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. जुनं सील उघडताना खराब झालं होतं, नवीन मागवलेलं आलं नव्हतं. संभानं तात्पुरतं काहीतरी लावून दिलं आणि मला बजावलं की ते येईपर्यंत गाडी धुवायची नाही, फडक्यानं पुसायची, आणि साठलेल्या पाण्यातून तर अजिबात न्यायची नाही. प्रकाश तेव्हा तिथं नव्हता. ऐकलं ते मी एकटीनं. पुढं सील आलं, तसा त्याचा फोनही आला. शनिवारी या, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, बघते. पुन्हा फोन आला. पेपर तपासायचे होते, पाहुणे यायचे होते... नसतातच का अशी कारणं? हातकणंगले काही विलायतेत नव्हतं.

मग जुलै आला.

त्या दिवशी दुपारीच कॉलेज सोडलं, पाऊस फार होता म्हणून. गाडीत माने सर आणि आणखी एक मॅडम. वाटेत एका गावापाशी ओढा रस्त्यावरून वाहत होता. दोन्ही बाजूंना माणसं उभी. डोक्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा काचेपाशी आला आणि म्हणाला, माघारी फिरवा बाई, पाणी वाढतंय. वाठारकडून वळसा घालून हायवेला लागता आलं असतं. मी तसं म्हणणारही होते. तेवढ्यात माने सर हसत म्हणाले, "काय मॅडम, दुरुस्तीची बॅटरी भिजायला घाबरतेय काय?"

एवढंच. एवढ्याशा चेष्टेसाठी.

मी म्हटलं, हिला ना इंजिन ना सायलेन्सर, पाणी शिरणार कुठून? आणि घातली. दारांना पाणी लागलं. खालून गाडीला धक्के बसत होते. आणि त्या पाण्याच्या अगदी मध्यावर मला सील आठवलं. विसरले होते असं मी म्हणू शकत नाही. मला आठवलं, आणि मी पाय तसाच ठेवला. गाडी पार झाली. माने सरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यानंतर काही दिवस गाडी व्यवस्थित चालली. मग एका दुपारी हायवेवर, लख्ख उन्हात, लाल दिवा लागला आणि ती थांबली. थांबली ती थांबलीच. मी प्रकाशला फोन केला. पहिलं वाक्य काय बोलले असेन? "भावजींची बॅटरी गेली." भावजींची! माझी गाडी, माझी बॅटरी — पण ती बिघडताच भावजींची झाली.

आणि अजून एक. ते बोलताना मला बरं वाटलं. मनात कुठंतरी — बघा, मी म्हणत नव्हते? — असं. मला ते वाक्य कधी म्हणता आलं नव्हतं, कारण मी तसं मोठ्यानं कधी बोललेच नव्हते. आता न बोलताही जिंकल्यासारखं झालं. या बरं वाटण्याची मला पुढं बोललेल्या खोट्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

टोइंगवाल्यानं गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन टाकली. रविवारी संभा घरी आला. प्रकाश आधीच तापला होता. हायवेवर बायको एकटी अडकली, ट्रकबिक येऊन धडकला असता तर, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मी ते बसू दिलं. संभा उभाच राहिला. पाण्याचा ग्लासही घेतला नाही. त्यानं मला विचारलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज हळू होता.

"वहिनी, पाण्यातनं गेलती काय गाडी कुठं?"

मी म्हटलं, "नाही. रस्ता कोरडा होता."

बघा कसं असतं. दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं धडधडीत खोटं होतं, आणि मी त्याला खऱ्याचा टेकू दिला.

प्रकाश उसळला, म्हणाला, तुला हिच्यावर संशय आहे का? संभा गडबडला. "न्हाय दादा. वहिनी म्हणत्यात म्हंजे तसंच आसंल. माझंच कायतरी चुकलं."

माझ्यावर त्याचा असा विश्वास होता. घरात शिकलेली मी, सरळ मी, कधी खोटं न बोलणारी मी. त्या विश्वासापुढं त्यानं स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून दिला. मी समोर सोफ्यावर बसले होते. मला एक शब्द उच्चारायचा होता. उच्चारला नाही.

जाताना त्यानं एकच मागितलं. पॅक तेवढा माझ्याकडं पाठवा, उघडून बघतो, काय चुकलंय ते कळायला पाहिजे.

आता मी ज्या गोष्टीभोवती घिरट्या घालतेय, ती सांगते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला मी एकटी गेले. तिथल्या माणसानं मला आत नेऊन दाखवलं. म्हणाला, पॅक खाली काढला तेव्हा आतून पाणी आलं मॅडम, तळाला गाळ आहे. मी बघितलं. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. तो पाण्यानं कसा चढतो, ते मी दरवर्षी वर्गात शिकवते. मग त्यानं सहज विचारलं, "जुना पॅक नेणार की आमच्याकडंच ठेवू? इथं ठेवलात तर भंगारात तोडायला जाईल."

संभानं झाकण उघडलं असतं की त्याला एका क्षणात कळलं असतं. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे कळलं असतं. आणि मी कोण आहे, हेही.

मी म्हटलं, "इथंच ठेवा."

घरी सांगितलं, कंपनीचा नियमच आहे, जुना पॅक परत देत नाहीत. कुणी विचारायला गेलं नाही. का जाईल? गाडीत नवीन बॅटरी बसली, कंपनीची, शिक्क्याची. म्हणजे शेवटी मला हवी होती तीच. कॉलेजात माने सरांनी विचारलं होतं, त्या दिवशीच्या पाण्यानं तर नाही ना? मी म्हटलं, नाही हो, सेंटरवाल्यांनी बघितलं, काम कच्चं होतं. त्यांनी संभाकडं जायचा बेत रद्द केला. आणखी कुणाकुणाला त्यांनी सांगितलं असेल, मला माहीत नाही.

संभानं काय केलं? मला वाटलं होतं, चार दिवस गुरगुरेल आणि पुन्हा बढाया मारायला लागेल. त्यानं आजवर ज्यांचे ज्यांचे पॅक केले होते त्यांना फोन लावले, गाड्या बोलावल्या, आणि एकेक पॅक पदरमोड करून पुन्हा उघडला. आपली चूक शोधत होता. माझी जाऊ मला सांगायची — जेवायला बोलवायला गेलं तरी उठत नाहीत, म्हणतात सापडंना. सापडणार कुठून? ती चूक राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर बसून जावेशी फोनवर बोलत होती, आणि "काळजी घ्या हो त्यांची" असं म्हणत होती.

चूक सापडली नाही म्हणून तो आणखी घाबरला. कुठं चुकतंय हेच कळत नसेल तर लोकांच्या गाड्यांत हात कसा घालायचा, असं त्याचं म्हणणं. पॅक घेणं बंद केलं. आता एका कारखान्यात इलेक्ट्रिक विभागात पाळीवर जातो. शेड भाड्यानं दिलंय.

भावाभावांत भांडण असं झालं नाही. पण प्रकाश त्याला आता कुठल्याच गोष्टीत विचारत नाही. घरच्या कार्यात संभा काही सुचवायला गेला, की प्रकाश हसत म्हणतो, नको रे बाबा, तुझ्या बॅटरीसारखं व्हायचं. सगळे हसतात. संभाही हसतो. मी ताटं वाढत असते. आता तो आलेला खालच्या मजल्यावर कळत नाही.

एवढ्या दिवसांत कधी सांगता आलं नसतं का? शंभरदा आलं असतं. आणि अगदी परवा तर त्यानंच मला संधी हातात आणून दिली.

त्यानं कारखान्यातल्या कुणाचीतरी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय. बॅटरी गेलेली, म्हणून पडून होती. प्रकाश घरी नव्हता. संभा आला, बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "वहिनी, तुमी केमिस्ट्रीच्या. खरं सांगा. नवीन घालू का हीच उघडून करू?"

खरं सांगा, म्हणाला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्या गाडीतला जुना पॅकच त्याच्या हातानं पुन्हा उभा राहिला असता. पण त्याला तसं सांगायचं, तर का जमेल हेही सांगावं लागलं असतं. तुमचा हात कधी चुकलाच नव्हता, हे सांगावं लागलं असतं.

मी कप उचलत म्हटलं, "नवीनच घाला भावजी."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "व्हय. माझ्या हाताचा माझा मलाच भरवसा ऱ्हायला न्हाय."

काल जावेचा फोन आला होता. नवीन बॅटरीसाठी पैसे भरून आले म्हणाली. वहिनींनी सांगितलं म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतायत म्हणाली.

मी म्हटलं, बरं केलंत.