तोंड बघून दिलेल्या पत्रिका

श्रीराम वझे यांनी एकतीस वर्षं न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासली. कंपनीनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांचं तपासणं काही निवृत्त झालं नाही. शेजारून खिरीचा डबा आला तर ते आधी झाकण उघडून वास घेतात. कुणी जरा गोड बोललं तर घरी येऊन बायकोला विचारतात, याला आपल्याकडून काय हवं असेल गं? लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. श्रीरामभाऊ काही न पोळताच पाणीसुद्धा फुंकतात. पार्सिपनीत मी त्यांच्या शेजारी सव्वीस वर्षं राहते. माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांची माझ्याकडे नाही.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीचं, आन्याचं लग्न ठरलं. मॉलीशी. मॉली स्क्रँटनची, लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स. दोघी चार वर्षं एकत्र राहत होत्या, त्यामुळे घरात कुणाला धक्का वगैरे बसला नाही. जूनमध्ये टाउन हॉलमध्ये मेयरसमोर सह्या करायच्या आणि मग साठ माणसांचं जेवण, असा बेत होता. आन्याला होम नको होता, वरात नको होती, फक्त पत्रिका हवी होती. तीही फोनवरची नाही, कागदाची, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी मंडळातल्या सगळ्यांच्या पत्रिका आजवर बाबांनी तपासल्यात, मग माझीही तेच तपासतील, असं तिनं लाडानं जाहीर केलं.

मग सुरू झाली तपासणी. कागदाचे अकरा नमुने आले. भाऊंनी एकेक खिडकीच्या उजेडात धरला, नखानं खरवडला आणि शेवटी जाड, सायीच्या रंगाचा निवडला. कागदाचं ठीक होतं, गाडी अडली मजकुरावर. वर गणपती नको, लोक म्हणतील देवाला कशाला ओढलं यात. दोन्ही नावांमागे चि. सौ. कां. नको, लोकांना छपाईची चूक वाटेल. ‘विवाह’ नको, ‘समारंभ’ म्हणू. हा एक शब्द मात्र आन्यानं सोडला नाही. तिनं तीनदा ‘विवाह’ लिहून परत पाठवला तेव्हा कुठे तो राहिला. मग आली सगळ्यात वरची ओळ, आईवडिलांनी अगत्यानं बोलावण्याची. भाऊ म्हणाले की नव्या पद्धतीत मुलंच आमंत्रण करतात, आईबापांची नावं घालत नाहीत. मॉलीच्या आईनं आपलं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव केव्हाच लिहून पाठवलं होतं. एका बाजूचीच नावं कशी छापायची म्हणून तीही गेली. ही ओळ खोडली तेव्हा भाऊंच्या बायकोनं, उल्कावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कागद छान आहे हं. याची मला अजून लाज वाटते.

पत्रिका छापून आल्या आणि भाऊंनी जाहीर केलं की आपल्या माणसांना त्या पोस्टानं जाणार नाहीत. घरच्या माणसानं जाऊन हातात द्यायची, ही आपली रीत. चाळीस वर्षं रीतभात म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणणारा हा माणूस एकदम असा बोलायला लागला तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उल्कावहिनी शनिवार-रविवारी फार्मसीत कामाला जातात, आणि भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून ड्रायव्हर मी. पहिल्या शनिवारी एडिसनच्या रस्त्यावर त्यांनी खरं कारण सांगितलं. हातात दिली की वाचणाऱ्याचं तोंड बघता येतं.

त्यांची एक पद्धतच होती. समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी खुर्ची धरायची. मराठी बाजू वर ठेवून पत्रिका द्यायची आणि मग नव्या डोळ्यांनी बघत बसायचं. दुसऱ्या नावापाशी वाचणारा थांबला का? भुवई हलली का? आमच्या मंडळाच्या रुपालीनं पूर्ण वाचायच्या आधीच “अय्या, किती गोड” म्हटलं. भाऊंना ते फार लवकर वाटलं. एका काकांनी वाचून पत्रिका टीव्हीच्या रिमोटखाली ठेवली, तो अपमान ठरला. कुणी चहा आणायला उठलं, तर ते तोंड लपवायला उठलं. असं वाटलं की भाऊ हात पुढे करायचे आणि म्हणायचे, अरे, यात छपाईची चूक राहिलीय, द्या इकडे, नवी आणून देतो. नवी कुठली? तीच परत पिशवीत जायची. तीन शनिवारांत बावीस घरं झाली आणि नऊ पत्रिका परत आल्या. मी गाडीत चांगली भांडले. तुम्ही आमंत्रण करताय की पोलीस चौकशी, असंही विचारलं. “वहिनी, मी माणसं ओळखतो,” एवढंच ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मला आन्याचा फोन आला. मॉलीकडच्या बहुतेकांची उत्तरं आली होती. रुपालीमावशीचं नाही, एडिसनच्या काकांचं नाही, जिच्या घरी ती शाळेनंतर रोज बसायची त्या मावशीचंही नाही. “They don't want to come, पद्मजामावशी, right? तू सांग ना, I can take it.” मी म्हटलं, अगं, आपले लोक आळशी, कळवायला उशीर करतात. फोन ठेवल्यावर मला रडू आलं आणि भाऊंचा भयंकर राग आला. लोकांनी तिला नाकारलंच नव्हतं. बापानंच तिची माणसं एकेक करून पिशवीत भरून परत आणली होती, आणि ती मात्र लोकांनी पाठ फिरवली असं समजून बसली होती.

शेवटचं घर ब्रिजवॉटरला, राजीव करंदीकरांचं. हे निवृत्त हार्टचे डॉक्टर, भाऊंचे बेचाळीस वर्षांचे मित्र. आन्या सायकल शिकली ती त्यांच्या ड्राइव्हवेवर. तरी भाऊंचा सगळ्यात जास्त संशय त्यांच्यावरच. पाच वर्षांपूर्वी एका पार्टीत आन्याचा विषय निघाला तेव्हा राजीव पाणी प्यायला म्हणून उठून गेले होते, आणि भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा ग्लास भरलेला होता.

राजीवनी चष्मा लावला, पत्रिका वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. आता खोटं कशाला बोलू, मीही पाहिला. त्यांनी पत्रिका उलटून इंग्रजी बाजू वाचली, पुन्हा मराठीवर आले. भाऊंनी हात पुढे केला. दे इकडे, छपाईची चूक आहे त्यात.

राजीवनी पत्रिका सोडली नाही. “चूक आहेच,” ते म्हणाले. “श्रीराम, यात तुझं नाव नाहीये.”

भाऊ नव्या पद्धतीचं सांगायला लागले. राजीवनी त्यांना मध्येच थांबवलं. “मला पद्धत नको शिकवूस. आमच्या नीलच्या पत्रिकेत माझं नाव जरा बारीक पडलं, तर तू प्रिंटरशी तासभर भांडलास. इथे तुझं नाही, उल्काचं नाही. आन्याच्या लग्नाला मी येणार आहे, न बोलावता पण येईन. तू येणार आहेस का, ते मला सांग.”

भाऊंनी पुढे केलेला हात मागे घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. बावीस घरांत ते ज्या माणसाला शोधत फिरले, त्याला माझ्या शेजारच्या सीटवर मीच बसवून नेत होते. निघताना राजीव फाटकापर्यंत आले नाहीत, पत्रिका हातात धरून सोफ्यावरच बसून राहिले.

निघून दहा मिनिटं झाली असतील. मग भाऊ म्हणाले, वहिनी, गाडी जरा साइडला घ्या. मी एका डोनटच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबवली. त्यांनी आन्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आधी नऊ घरांचं सांगितलं. कुणी नाही म्हटलेलं नाही, मीच परत घेतल्या पत्रिका, उद्यापासून पुन्हा नेऊन देतो. मग म्हणाले की पत्रिका नव्यानं छापू, वरची ओळ घालून. माझं नाव, आईचं, आणि मॉलीच्या आईवडिलांचंही.

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. पण मुलगी शेवटी वझ्यांची.

“Who told you to say this?” तिनं विचारलं. “राजीवकाका? आई आहे का तिथे?”

“राजीवनं विचारलं मला. सांगतोय ते मी.”

“बाबा, उद्या तुमचं माइंड चेंज झालं तर? एकदा नाव छापून मग ते काढणं, मला नाही जमणार ते. How do I know?”

भाऊंनी फोन हातात घेतला, दोनदा चुकीचं बटन दाबलं, तिसऱ्यांदा व्हिडिओ सुरू झाला. मग त्यांनी काळा चष्मा काढला, गाडीचं दार उघडलं आणि बाहेर उन्हात जाऊन फोन तोंडासमोर धरला. ऑपरेशनच्या डोळ्यांना ऊन सोसत नव्हतं, पाणी येत होतं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

“बघ,” ते म्हणाले. “नीट बघ. घाई करू नकोस.”

ती बराच वेळ बघत होती.