पांढऱ्या पाटीपाशी

सहा वर्षांपूर्वी मी गडावरच्या सप्तशृंगी आईवर रागावले होते, आणि तेसुद्धा विमानात बसून. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची पोर होते, अक्कल यायची होती. नात मुक्ता वैमानिक झाली तर तिच्या विमानातून ओटी घेऊन गडाला आकाशातून प्रदक्षिणा घालीन, असा नवस मी परस्पर बोलून बसले होते. परीक्षा तिनं दिल्या आणि श्रेय घेत नाशिकभर मी फिरले.

मुक्ता म्हणत होती, "आजी, सकाळी सातला निघू. उन्हानं हवा विरळ होते, लहान विमानाला उचलायला जड जातं." मी ऐकते कसली! अभिजित मुहूर्त साधायचा, म्हणजे भर दुपारी बारालाच निघायचं, असा हट्ट धरला. चैत्रातलं ऊन. तिनं आमची वजनं विचारली, तर मी दहा किलो गिळले. ती विमानाभोवती फिरून तपासणी करत होती, तेवढ्यात मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या जाऊबाईंच्या पायाशी शालीखाली ओटीची पिशवी सरकवली. अकरा नारळ, दहा किलो तांदूळ, पितळी समई. आईच्या ओटीचं कसलं आलंय वजन, असं मला वाटलं. तेव्हाची ती बाई आज भेटली तर कान उपटीन तिचे.

निघण्याआधी मुक्तानं बजावलं, "धावपट्टीच्या मध्यावर ती पांढरी पाटी दिसते? तिथपर्यंत वेगाचा काटा चाळिसावर आला नाही, तर मी थांबवणार. मध्ये कुणी बोलायचं नाही."

विमान धावू लागलं. धावलं, पण नुसतंच. पाटी जवळ येत होती आणि काटा पस्तिशीत रेंगाळत होता. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "आई, उचल गं!" त्याच क्षणी इंजिनाचा आवाज पडला आणि आम्ही तिघी पट्ट्यांसकट पुढे ओढल्या गेलो. डोळे उघडले तेव्हा विमान उभं होतं. समोर धावपट्टीचं टोक, कुंपण आणि त्यामागे विजेच्या तारा.

माझा संताप अनावर झाला. "मुक्ते, जरा दामटलं असतंस तर उठलं असतं! मुहूर्त घालवलास माझा!"

मागून जाऊबाई म्हणाल्या, "ताई, मुहूर्त राहू द्या. तुमची समई माझ्या पायावर आदळलीय."

मुक्तानं मागे वळून पाहिलं. पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला वजनाचंही खरं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पाटीपाशी मलाही वाटलं, अजून थोडं जावं. तू एवढी आस लावून बसली होतीस. पण खाली शांत डोक्यानं ठरवलेलं तिथं बदलायचं नसतं, आजी. बदलणारे त्या तारांत सापडतात."

तरी माझी धुसफूस संध्याकाळपर्यंत चालूच. हीच बोलावते आणि हीच परत पाठवते, ही कसली आई? कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, "देवीनंच विमान थांबवलं हो!" त्याचाही मला राग आला. ब्रेकवर पाय माझ्या पोरीचा होता, समोर हट्टी आजी असताना. आणि मग एकदम लक्षात आलं. नवसापायी मी या पोरीलाच तारांवर घातलं असतं, आणि त्याला भक्ती म्हणत होते! थांबवलं कुणी, ते मला ठाऊक नाही. मी मागितलेलं मिळालं नाही, म्हणून मुक्ता आहे, एवढं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गडावर गेलो. एरवी आईपुढे माझं मागणं संपत नाही. त्या दिवशी काही मागावंसं वाटेना. शेजारी मुक्ता हात जोडून उभी होती, पायऱ्या चढून धापा टाकत. तिच्या श्वासाचा आवाज ऐकत मी बराच वेळ उभी राहिले. मग आईला एवढंच म्हणाले, "तुला वाटेल तिथं थांबव. मी ओरडेन. माझं ऐकू नकोस."