दाजींचं घड्याळ काळं करताना

मी आयुष्यात जेवढं लोखंड काळं केलंय, ते सगळं एका ठिकाणी रचलं असतं तर रामशेज किल्ल्याची उंची दोन पुरुष वाढली असती. सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी काळ्या खात्यात होतो. काळं खातं म्हणजे नट, बोल्ट, पाने, जे येईल ते उकळत्या कॉस्टिकच्या टाकीत बुडवायचं आणि कोळशासारखं करून बाहेर काढायचं. आमच्या टाकीवरून उडालेला कावळा पलीकडे उतरायचा तेव्हा जास्त काळा झालेला असायचा. बायको म्हणते, कावळा मुळातच काळा असतो. तिला फरक कळत नाही, कारण ती खात्यात नव्हती.

तेव्हा ताईने ते घड्याळ माझ्याच हातात दिलं यात तिची काही चूक नाही. मी काळा करू शकणार नाही असा धातू अजून जमिनीतून निघायचाय, हे मी तिला इतकी वर्षं ऐकवत आलो होतो.

घड्याळ दाजींचं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेल्या श्रावणात गेले. पंचवटीत त्यांचं चिवड्याचं दुकान. पुढे दुकान, मागे भट्टी, वर घर. उभा जन्म त्यांनी कढईपुढे कांदा तळण्यात घालवला. पंचवटीत रस्ता चुकलेल्या माणसाने नाक वर करून चालावं, तो बरोबर दाजींच्या दारात पोचेल, असं मी सांगायचो, आणि त्यात मी फार तर निम्मा खोटा होतो. घड्याळ लेकीने दिलेलं, टायटॅनियमचं. आधीच्या जड घड्याळाने झारा फिरवताना त्यांचं मनगट दुखायचं. "हातात आहे की नाही तेच कळत नाही," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. शेवटी दवाखान्यात सुई लावायला त्याचा पट्टा कापला. पट्टा तिथेच राहिला. घरी परत आलं ते नुसतं घड्याळ.

आता ताई दुकानात बसते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने पदराची गाठ सोडून ते बाहेर काढलं. आधी नाकाशी धरलं, मग माझ्यापुढे ठेवलं.

"हे काळं करून दे."

"कशाला? चांगलं चमकतंय की."

"म्हणूनच. मला घालायचंय. चार दिवस फडक्याने बांधून घातलं, तर गल्लीतल्या बायका आधी मनगटाकडे बघतात, मग तोंडाकडे. परवा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, नवं घेतलंस का गं, छान चकाकतंय." ती थोडा वेळ बरण्यांची झाकणं घट्ट करत राहिली. "काळे मणी काढायला त्याच पुढे होत्या. आता एवढं एक काळं करून दे. म्हणजे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही."

असलं काही ऐकलं की मी लगेच थापेकडे वळतो. म्हणालो, "ताई, असं काळं करतो की अमावस्या माझ्याकडे शिकवणी लावेल."

"थापाड्या," ती म्हणाली. "आणि हे बघ, फार घासूपुसू नकोस. त्याला अजून त्यांचा वास येतो. सकाळी शटर उघडायच्या आधी मी एकदा घेते."

पट्टा जिथे अडकतो त्या खाचांमध्ये आणि मागच्या झाकणाच्या कडेला एक पिवळी रेघ साचली होती. तेल, हळद, तळलेला कांदा. मी पाहिली. हो म्हणालो आणि घड्याळ खिशात टाकलं.

रविवार कारंजावरच्या घड्याळजीने आतलं मशीन, काच आणि रबर काढून घेतलं आणि रिकामी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, झाकणासकट कागदात बांधून दिली. "टायटॅनियम आहे काका," तो म्हणाला. "लोखंड नाही."

"अरे, टाकीत उतरला की सगळे सारखेच," मी म्हणालो. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आमच्या खात्याचा धर्म एकच होता, तेल काढणे. तेलाचा ठिपका राहिला की तिथे काळं बसत नाही, पांढरा डाग पडतो, आणि सुपरवायझर तो डाग सगळ्यांना बोलावून दाखवतो. एकतीस वर्षं ज्या हातांनी फक्त तेल काढलं, त्या हातांपर्यंत ताईचा निरोप पोचलाच नाही. गच्चीवर स्टुलावर बसलो. आधी थिनर, मग धुण्याचा सोडा, मग जुना टूथब्रश, आणि कोपऱ्यांसाठी दात कोरायची काडी. शेवटी वरून कढत पाणी ओतलं. पाणी पिवळं होऊन वाहिलं आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. कारखाना सुटल्यापासून इतकं नेटकं काम हातून झालं नव्हतं.

तेवढ्यात खालून बायकोने विचारलं, "वर काय तळताय?"

मी म्हणालो, काही नाही. आणि मग मलाही तो वास आला. कांदा, हळद, कढीपत्ता, सगळी गच्ची भरून. एक दोन श्वास पुरला असेल. दाजी जिन्याने वर येतायत असं वाटण्याइतका. पिवळं पाणी गच्चीच्या पाइपाशी पोचलं होतं. मी त्यावर तळहात ठेवून ते अडवलं. माझ्या वयाचा माणूस गच्चीवर उकिडवा बसून पाणी हाताने अडवतोय, हे दृश्य समोरच्या बिल्डिंगमधून कुणी पाहिलं असेल तर त्याने काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे. पाणी बोटांमधून गेलं. केस नाकाशी धरली. तिला आता कसलाच वास नव्हता, धुतलेल्या चमच्याला असतो तेवढाही.

आता निदान काळं तरी करू, म्हणून कारखान्यातून आणलेल्या कॉस्टिकच्या मिठाची बरणी काढली. ते मीठ पाण्यात उकळवून आम्ही लोखंड काळं करायचो. केस आणि झाकण बांधकामाच्या लोखंडी तारेला टांगून त्यात सोडलं. पाऊण तास. बाहेर काढलं तर तार काळीकुट्ट, रेशमासारखी, माझ्या उमेदीतल्या कामासारखी. आणि घड्याळ पहिल्यापेक्षा पांढरं, न्हाऊन आलेल्या जावयासारखं. पुन्हा बुडवलं. तार आणखी काळी झाली. लोखंडाचं औषध टायटॅनियमला लागत नाही, ही गोष्ट घड्याळजीने सांगितली होती आणि मी त्याला अडाणी समजलो होतो.

मग उरली आग. ब्लोलॅम्प पेटवला, विटेवर केस मांडली आणि शेजारी झाकण पालथं ठेवलं. ते विटेवर डुगडुगत होतं, म्हणून वरून अंगठ्याने दाबून बसवलं. पुसायला हवं होतं. मी पुसलं नाही. मन पाइपाशी होतं.

टायटॅनियम तापलं की रंग बदलतं. आधी सोनेरी झालं, मग वांग्यासारखं, मग मोरपंखी. मोरपंखीवर आलं तेव्हा मी ज्योत मागे घेतली. ज्या बाईला कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, तिच्या मनगटावर मी लग्नाच्या मांडवातला रंग चढवून बसलो होतो. ज्योत वाढवली. निळा फिका पडला, विटला, मळला, आणि बऱ्याच वेळाने एकदाची ओल्या पाटीसारखी काळपट राख त्यावर उतरली. काळं नव्हे, पण कुणी वळून बघणार नाही असं.

झाकण गार झालं तेव्हा त्यावर अंगठा उमटलेला दिसला. बोटाचं तेल लागलं होतं तिथे रंग वेगळा धरला होता. एकेक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ, आणि मधून एक तिरपी पांढरी रेष. ती माझ्या व्रणाची. हा व्रण बिबट्याचा आहे असं मी सगळ्या कॉलनीला सांगितलंय. नाशकात बिबट्या सोयीचा पडतो, तो कुठेही निघतो, कुणी शंका घेत नाही. खरं म्हणजे ऐन दिवाळीच्या घाईत मी दाजींकडे कांदा चिरायला बसलो होतो आणि अंगठा विळीवर गेला. दाजींनी मूठभर हळद दाबली आणि ताईने चिंधी बांधली.

अंगठ्याचा ठसा घालवायला पुन्हा तापवलं. तो आणखी गडद झाला. घासून काढला असता, पण मला आता काहीही घासायचं नव्हतं.

घड्याळजीने सगळं परत बसवून दिलं, बारीक काळा पट्टाही चढवला. मी दुकानात गेलो तेव्हा ताई एकटीच होती. तिने घड्याळ हातात घेतलं, उजेडात धरलं. "छान झालंय," म्हणाली. मग नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मी समोरच्या शेवेच्या डब्याकडे बघत राहिलो.

"धुतलंस," ती म्हणाली.

"धुतल्याशिवाय रंग धरत नाही, ताई."

हेही खोटंच होतं. आगीला घासण्याची गरज नव्हती. तेल राहिलं असतं तर थोडे डाग पडले असते, इतकंच. आणि तिने डाग घातले असते.

तिने घड्याळ उलटं केलं. झाकणावरचा अंगठा तिला दिसला आणि तिचा चेहरा एकदम उघडला. "हा त्यांचा का रे?"

मी आजवर काय काय थापा मारल्या असतील. रामशेज, कावळे, बिबट्या. त्या सगळ्या पसरट, आरामात हातपाय ताणून बसलेल्या. ही एका अक्षराची होती.

"हो," मी म्हणालो. "इतकी वर्षं घातलं, आत मुरला असेल. तापवल्यावर वर आला."

तिने ते डोळ्याजवळ नेलं. तिरप्या रेषेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा. उघडलेला चेहरा पुन्हा मिटला.

"ह्यांना कधी बिबट्या चावला नव्हता," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो, चार विनोद केले असते, आणि कसंबसं निभावलं असतं. तिने घड्याळ मनगटावर बांधलं, अंगठ्याची बाजू आत, आणि मला विचारलं, "चिवडा बांधू का? आजचा आहे."

आता ती ते रोज घालते. गल्लीत कुणी बघत नाही, जाऊबाईही काही बोलत नाहीत, तेवढं माझं काम चोख झालंय. मधून मधून मी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने तिकडून जातो. शटर उघडायच्या आधी ती दुकानापुढे उभी असते. डावा हात उचलते, नाकाच्या दिशेने, आणि हात अर्ध्यावर आला की थांबतो. मग त्याच हाताने ती कुलूप काढते.